पाणीवालीची हजेरी

कामावर तिला सगळे पाणीवाली म्हणायचे. नव्या बांधकामाला पाणी मारायचं काम तिच्याकडं होतं. काँक्रीट ओतून फळ्या काढल्या की बघणाऱ्याला वाटतं, झाला खांब. पण खांब तेव्हा होत नाही. त्याला गोणपाट गुंडाळायचं आणि सात दिवस, दिवसातून तीन वेळा, ते निथळेपर्यंत भिजवायचं. यात कुणी आळस केला तर खांब वरून टणक दिसतो आणि आतून भुसभुशीत राहतो.

असे पाच मजले तिनं भिजवले. पायात नवऱ्याचे जुने बूट, पुढं चिंध्या कोंबलेले, आणि खांद्यावर जाड काळ्या पाइपाचं वेटोळं. उंची जेमतेम चार फूट आठ इंच. ती जिना चढायला लागली की लांबून नुसता पाइपच वर निघालेला दिसायचा. फळ्या ठोकणारे सुतार म्हणायचे, “बघा रे, पाइपाला पाय फुटले.” ती वळूनही न बघता उत्तर द्यायची, “तुमच्या जिभेला फुटलेत, त्यापेक्षा बरे.”

इतकं सगळं असून हजेरीच्या वहीत ती नव्हती. वहीत तिचा नवरा होता, गवंडी, आणि त्याच्या नावापुढं एकच शब्द असायचा, जोडी. मुकादम माणसं घ्यायचा तेव्हा नवराबायको मिळून एक जोडी धरायचा. रोजी दीड माणसाची, सही एकट्या नवऱ्याची. गवंडी कामाला नसला तर बायकोचाही खाडा. असंच चालत आलेलं होतं. तिच्या सासूनं नवरा असेपर्यंत असंच काम केलं होतं, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. तिलाही नाही.

ती पडली तो दिवस साधाच होता. सकाळचं पाणी मारून झालं होतं. पाचव्या मजल्यावर लिफ्टसाठी सोडलेल्या भोकावर प्लायवूडचा तुकडा टाकलेला असायचा, चार खिळे मारून. आदल्या संध्याकाळी कुणाला तरी प्लाय कमी पडला, त्यानं खिळे उपसले, मग तो तुकडा लहान निघाला म्हणून पुन्हा तसाच ठेवून दिला. पाइप ओढत मागं मागं येताना तिचा पाय त्याच्यावर पडला. दोन मजले खाली आडव्या बांधलेल्या फळ्या होत्या, त्यांनी तिला झेललं. जीव वाचला, ही देवाची कृपा. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्यात नेताना गाडीत मुकादम तिच्या उशाशी बसला होता. एरवी तिला ‘ए बाई’ म्हणणारा माणूस, त्या दिवशी सारखं वहिनी वहिनी करत होता. तो म्हणाला, कामावर पडले म्हणून सांगू नका. नवऱ्याचा डबा घेऊन आले होते म्हणा. नाहीतर काम बंद पडेल, पन्नास माणसांची चूल विझेल, आणि सगळे विचारतील, बायकोला वर कुणी चढवलं? गवंड्यावर येईल. बाकीचं मी बघतो.

नवऱ्यावर येईल, एवढंच तिनं ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं तसंच सांगितलं, डबा घेऊन आले होते. त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि तिनं खाली सही केली. शेजारी उभ्या असलेल्या गवंड्यानं मान डोलावली. नवऱ्याचा जीव राखायला बायको खोटं बोलली आणि मुकादम बायकोचा खर्च उचलेल म्हणून नवरा गप्प बसला. कागद मात्र दोघांच्याही मुळावर आला.

मुकादमानं बघतो म्हटलं होतं, तसं अकरा दिवस बघितलं. बाराव्या दिवशी औषधाची चिठ्ठी घेऊन गवंडी गेला तेव्हा उत्तर मिळालं, माणुसकी म्हणून केलं तेवढं केलं, पाहुणी बाई पडली त्याला आम्ही काय करणार?

पाहुणी हा शब्द गवंड्यानं घरी येऊन सांगितला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं बरेच दिवस वाटायचं. कारण पाय गेला त्याचं ती रडली, पण पाहुणी म्हटल्यावर तिचं रडणंच थांबलं.

त्यांची खोली एकच. एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला खाट, खाटेवर ती. आठवीतली मुलगी खाटेच्या पायाशी बसून अभ्यास करायची. सासूबाई उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सुनेची हकिगत सांगायच्या आणि प्रत्येक वेळी थोडी वाढवायच्या. दोन मजल्यांचे चार झाले तेव्हा ती आतून म्हणाली, “अहो सासूबाई, तेवढ्यावरून पडले असते तर सांगायला तुम्ही तेराव्याला बसला असता.” फळीवर देवाची तसबीर होती. ती रोज हात जोडायची, पण पाय दे म्हणून कधी मागितलं नाही. देवाला सगळं दिसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त देव साक्षीला येत नाही, साक्ष माणसालाच काढावी लागते.

अर्ज करायचं डोक्यात घातलं ते पाय करणाऱ्यानं. लाकडी आणि प्लॅस्टिकचे पाय बनवणारा तो म्हातारा कारागीर माप घेता घेता बोलायचा. त्यानं विचारलं, बांधकामावरची का? भरपाईचा अर्ज टाकलास? ती सवयीनं म्हणाली, मी कामावर नव्हते. त्यानं तिचा तळहात उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी पाइप धरून धरून घट्टा पडला होता, खिळ्याच्या डोक्याएवढा. तो म्हणाला, “तू नसशील. हात तर होता.”

त्यानंच बांधकाम कामगारांच्या संघटनेच्या वकीलबाईंचा पत्ता दिला.

वकीलबाई बारीक आवाजाच्या आणि जाड चष्म्याच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोड काही बोलल्या नाहीत. वहीत नाव नाही. रोजी नवऱ्याच्या हातात. दवाखान्याच्या कागदावर स्वतःच्या तोंडचं, डबा घेऊन आले. “तू तिथं काम करत होतीस हे तुझ्या जिभेखेरीज कोण सांगेल?” त्यांनी विचारलं.

तिनं कामावरची माणसं एकेक करून आठवली. सुतारांना निरोप गेला, त्यांनी कानांवर हात ठेवले. सळ्या बांधणारा तर तिचा मानलेला भाऊ होता. तो म्हणाला, ताई, माझी चार पोरं आहेत. तिला राग आला नाही. दगडाखाली हात असलेल्या माणसानं टाळी कशी वाजवायची?

त्या रात्री जेवताना तिला रंगाचा डबा आठवला.

आठवला कारण गवंडी प्लास्टरचं बोलत होता. पाचव्या मजल्याचं प्लास्टर आज उरकलं, सगळी इमारत आता आरशासारखी गुळगुळीत, असं काहीतरी. काम सुरू झालं तेव्हा इंजिनिअरनं तिला लाल ऑइलपेंटचा डबा आणि दोन बोटांचा ब्रश दिला होता. प्रत्येक खांबावर तो ओतल्याची तारीख लिहायची, खाली सात ओळी पाडायच्या आणि दर पाण्याला एक रेघ मारायची. दिवसाला तीन रेघा. म्हणजे पाणी चुकलं की समजतं. पाच मजल्यांवर तिनं न चुकता लिहिलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “माझ्या रेघा?”

“गेल्या,” गवंडी म्हणाला. “प्लास्टरखाली.”

“सगळ्या?”

“खांब म्हटला की प्लास्टर आलंच.”

“तुम्हीच मला शिव्या घातल्या होत्यात. पहिल्या मजल्यावर.”

गवंड्यानं घातल्या होत्या खऱ्या. ऑइलपेंटवर प्लास्टर धरत नाही, पोपडे सुटतात, आणि पहिल्या मजल्यावर त्याला त्या तांबड्या रेघा खरवडत बसावं लागलं होतं. तेव्हा तो तिच्यावर उखडला होता, की लिहायचं तर डक्टच्या बाजूनं लिही. डक्ट म्हणजे पाइप जायला मजल्यामजल्यातून सोडलेली अरुंद पोकळी. तिथं आत कुणी राहत नाही, कुणी बघत नाही, म्हणून तिथल्या बाजूला कुणी प्लास्टरही करत नाही. दुसऱ्या मजल्यापासून तिनं रेघा तिथंच मारल्या होत्या. हे या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. इंजिनिअर केव्हाच दुसरीकडं निघून गेला होता.

गवंड्यानं हळूच सांगितलं, की हे कुणाला बोलू नको. त्याची रोजी त्याच मुकादमाकडं होती. नव्या कामावर त्यानं गवंड्याला वरच्या जागेवर घ्यायचं कबूल केलं होतं. आता पाय तर परत येत नाही.

बोलल्या त्या सासूबाई, उंबऱ्यातून, पाठ न वळवता. त्यांनी किती धरणं, किती पूल, किती शाळांचं नाव घेतलं कोण जाणे. सगळीकडं डोक्यावर घमेली वाहिली होती. “तुझा बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं,” त्या मुलाला म्हणाल्या. “म्हणाले, जोडी मोडली. तेव्हा तू कडेवर होतास. आता गप्प राहायचं तर खुशाल राहा, पण माझ्यासमोर जेवू नको.”

सुनेच्या बाजूनं सासू बोलली, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं. सुनेनं ते ऐकलं नाही असं दाखवलं, आणि सासूबाईंनीही आपण बोललोच नाही असं दाखवलं.

अर्ज गेला. चार दिवसांत मुकादम दारात. पुन्हा वहिनी सुरू झालं. त्यानं एक पाकीट आणि एक टाइप केलेला कागद खाटेवर ठेवला. पैसे बरे होते, आणि घरात तेव्हा किराणा संपत आला होता. कागद मुलीनं मोठ्यानं वाचला. अर्जदार ही कामगार नसून अपघाताच्या दिवशी पतीस भेटण्यास आली होती, मालकांनी केवळ दयाबुद्धीनं ही मदत केली आहे, सबब तिची काही तक्रार नाही.

तिनं मुलीला दयाबुद्धीपर्यंतचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग पाकीट उचलून मुकादमाच्या हातात दिलं.

“भाऊजी, दया देवाकडं मागते मी. तुमच्याकडं हजेरी मागितली आहे.”

मुकादम गवंड्याकडं वळून म्हणाला, बायकोला समजाव, पुरुष आहेस ना? गवंडी भिंतीकडं बघत म्हणाला, समजावलं असतं, पण घरात दोन आहेत. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून बंद केलं. महिनाभर तो दारोदार कौलं शाकारत आणि न्हाणीघरांच्या फरश्या बसवत फिरला. घरी येऊन कुरकुरायचा, पण रोज सकाळी न सांगता तिची कुबडी पुसून दाराशी ठेवायचा.

भरपाईच्या कचेरीत पहिली तारीख लागली. लांबट खोली, उंच खिडक्या, पंख्याखाली फायलींवर ठेवलेले दगड. समोर निकाल देणारे साहेब. इमारतीच्या मालकाचा वकील तरुण होता, इस्त्रीचा. त्यानं दवाखान्याचा कागद तिच्यापुढं धरला. ही सही तुमची? हो. हे तुम्ही सांगितलं? हो. डबा घेऊन आले होते? हो, असं सांगितलं. मग तो साहेबांकडं वळून हात पसरून म्हणाला, की आता आणखी काय हवं?

“पुढचं विचारा की,” ती म्हणाली. “खरं होतं का, ते विचारा.”

त्यानं विचारलं नाही. साहेबांनी विचारलं.

“खोटं होतं, साहेब. मी खोटं बोलले. देवाची माफी मागून झाली. माझं खोटं मी कबूल केलंय, आता ह्यांची पाळी.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला असेल. मग वकीलबाईंनी उभं राहून सांगितलं, की अर्जदाराच्या कामाची नोंद वहीत नसली तरी इमारतीत आहे. जागेवर येऊन पाहावं.

पाहणीच्या दिवशी इमारत रंगून तयार होती. राहायला अजून कुणी आलं नव्हतं. मुकादम, मालकाचा वकील, साहेब, साहेबांचा कारकून, वकीलबाई, आणि नव्या पायावर ती. गवंडीही आला होता, कुणी बोलावलं नसताना. पाचव्या मजल्यावर जायला लिफ्ट होती. तिच्या दारात ती क्षणभर थबकली. ज्या भोकातून खाली आली, त्यातूनच आता वर जायचं होतं. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिलं पाऊल आत टाकलं तेही नव्या पायाचं.

मुकादमानं हॉलमधून, खोल्यांतून सगळ्यांना फिरवलं. भिंतीवर हात फिरवून दाखवला. कुठं आहेत रेघा? साहेबांनी पाहिलं, पांढरंशुभ्र. मालकाचा वकील घड्याळ बघू लागला.

ती सरळ न्हाणीघरात गेली. कोपऱ्यात प्लंबरसाठी ठेवलेलं गुडघ्याएवढं दार होतं. बिजागरीवर रंग बसून ते घट्ट झालं होतं. मुकादम म्हणाला, ह्याची किल्ली नाही. गवंड्यानं खिशातून थापी काढली, फटीत घातली आणि मनगटाच्या एका झटक्यात दार उघडलं. वर बघून मुकादमाला म्हणाला, “मीच बसवलं होतं. कुलूप नाहीच त्याला.”

आत प्लंबरला उभं राहायला लोखंडी जाळी टाकलेली होती, कारकून बॅटरी घेऊन तिच्यावर घुसला. आतून त्याचा आवाज आला, की तारीख आहे. लाल रंगात. खाली ओळी. पहिल्या दिवसाच्या तीन रेघा. दुसऱ्या दिवसाच्या तीन.

“तिसऱ्या?” साहेबांनी विचारलं.

“एक.”

“आणि पुढं?”

“पुढं काही नाही.”

साहेबांनी फाइल उघडून अपघाताची तारीख पाहिली, खांबावरची तारीख वाचून घेतली, बोटांवर दिवस मोजले. पडली तो तिसरा दिवस होता. त्या दिवशी सकाळचं पाणी झालं होतं, दुपारचं व्हायचं होतं. पुढचं पाणी दुसऱ्या कुणी मारलं होतं, पण रेघा मारायला ब्रश कुणी उचलला नव्हता.

मालकाचा वकील हुशार होता. तो म्हणाला, रेघा कुणीही मारल्या असतील, हिच्या नवऱ्यानंसुद्धा. तेव्हा साहेब स्वतः गुडघ्यांवर बसून आत डोकावले आणि गवंड्याला खांबाशी लिहायला धरतात तसा हात धरून दाखवायला सांगितला. गवंडी ताडमाड, तारखेची ओळ त्याच्या हाताच्या बरीच खाली राहिली. मग तिला सांगितलं. ती अंग चोरून त्या दारातून आत गेली, खांबाला टेकून उभी राहिली, आणि लिहिताना धरायची तसा हात धरला. तारखेची ओळ तिच्या बोटांशी बरोबर आली. चौथ्या मजल्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. दुसऱ्या मजल्यावर साहेब म्हणाले, पुरे.

एवढ्यावर सगळं संपेल असं वाटलं होतं. पण शेवटच्या तारखेला मालकाच्या वकिलानं नवीच पुडी सोडली. बरं, कामगार होती असं धरू. पण रोजी जोडीला दीड माणसाची. त्यातला एक गवंडी, उरली ती अर्धी. भरपाई धरायची तर अर्ध्या रोजीवर धरावी.

वकीलबाई कागद चाळू लागल्या. ती खुर्चीचा हात धरून उठली.

“साहेब, मी पाणी अर्धं मारलं नव्हतं. खांब अर्धे भिजवले असते तर ती इमारत आज उभी असती का, ते ह्यांनाच विचारा. आणि अर्धी भिजवलेली असेल, तर तिथं लोकांना राहायला देऊ नका.”

मालकाच्या वकिलानं ह्या प्रश्नाला हो म्हणावं तरी पंचाईत आणि नाही म्हणावं तरी पंचाईत.

महिन्यानं निकाल आला. ती कामगार होती, कामावर होती, कामावरच पडली. भरपाई पूर्ण रोजीवर. जोडी म्हणून हजेरी लावण्याची पद्धत गैर आहे आणि दर माणसाची वेगळी नोंद हवी, असं साहेबांनी खाली वेगळं लिहिलं. गवंड्यानं तो भाग मुलीकडून वाचून घेतला, मग एकट्यानं अडखळत पुन्हा वाचला. सासूबाई उंबऱ्यातच होत्या. त्यांनी विचारलं, मागचंही धरतील का, पन्नास वर्षांपूर्वीचं? नाही धरणार, असं मुलीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, आणि वाटेवरच्या एका बाईला हाक मारून हकिगत सांगायला बसल्या. या खेपेला मात्र मजले दोनच होते.

आठवड्यानं वकीलबाई खोलीवर आल्या. चहा झाला. मग त्यांनी सांगितलं, की मालक वरच्या कोर्टात गेला आहे. पैसे कचेरीत भरले आहेत, बुडणार नाहीत, पण हातात पडायला वेळ लागेल. वर्ष, दोन वर्षं, जास्तही. वरचे न्यायाधीश पुन्हा पाहणी सांगू शकतात. तडजोडीला मालक तयार आहे, फक्त कामगार हा शब्द वगळायचा. “तुझ्या मनाची तयारी आहे का लढायची?” त्यांनी विचारलं. “आत्ताच सांग.”

तिनं नवा पाय काढून खाटेखाली ठेवला होता, तो ओढून घेतला आणि पट्टे आवळायला लागली. आवळता आवळता नवऱ्याला विचारलं, “अहो, ती इमारत किती वर्षं टिकेल?”

गवंडी विचारात पडला. माल चांगला होता, सळ्या जाड होत्या. “साठ-सत्तर,” तो म्हणाला. “खांबांना पाणी नीट मिळालं असेल तर.”

“मिळालंय,” ती म्हणाली आणि वकीलबाईंकडं वळली. “जाऊ द्या त्यांना वर. किती वर जायचं तेवढं जाऊ द्या.”